लिव्हरपूलमधला एक दिवस: आधी शहर, मग अ‍ॅनफिल्डवरचा सामना

परदेशात फुटबॉलचा सामना पाहायला निघालेले बहुतेक जण आधी विमानाचे तिकीट काढतात, मग हॉटेल ठरवतात आणि शेवटी सामन्याच्या तिकिटाकडे वळतात. लिव्हरपूलच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. मी पहिल्या खेपेस तो केला नाही. शनिवारचा सामना दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी रविवारी गेला, परत न मिळणारे हॉटेलचे पैसे बुडाले आणि सामन्याच्या वेळी मी परतीच्या गाडीत बसलो होतो. दुसऱ्या खेपेस सगळे नीट जुळले. त्या दोन्ही खेपांमधून जे कळले, ते पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे.

१. तारीख ठरवण्याआधी वेळापत्रक कसे बदलते ते समजून घ्या

लिव्हरपूलचा संघ ज्या स्पर्धेत खेळतो त्या प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडमधील सर्वोच्च श्रेणीच्या फुटबॉल स्पर्धेचा, हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. वीस संघ प्रत्येकी ३८ सामने खेळतात, म्हणजे प्रत्येक संघाचे १९ सामने घरच्या मैदानावर होतात. संपूर्ण हंगामाचे वेळापत्रक साधारणपणे जूनमध्ये जाहीर होते. परंतु त्यातील तारखा पक्क्या समजू नयेत. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास चालणारे सामने थेट दाखवता येत नाहीत. त्यामुळे प्रक्षेपणासाठी निवडलेले सामने शनिवारी साडेबारा किंवा साडेपाच, रविवारी दोन किंवा साडेचार, क्वचित शुक्रवार किंवा सोमवारच्या रात्रीकडे सरकवले जातात. ही निवड सामन्याच्या काही आठवडे आधी टप्प्याटप्प्याने जाहीर होते. बलाढ्य संघाविरुद्धचा सामना असेल, तर तो सरकणार असे धरूनच चालावे.

म्हणून सामन्याच्या मूळ तारखेच्या दोन्ही बाजूंना किमान दोन दिवस मोकळे ठेवा आणि रद्द करता येईल असेच हॉटेल घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

२. तिकीट: सर्वांत आधी आणि सर्वांत सांभाळून

अ‍ॅनफिल्ड या लिव्हरपूल क्लबच्या मैदानात आता ६१ हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात, तरीही मागणी त्याच्या कितीतरी पट असते आणि लीगच्या सामन्यांची तिकिटे खुल्या विक्रीला जवळपास येतच नाहीत. तिकीट मिळण्याचे अधिकृत मार्ग थोडकेच आहेत.

पहिला मार्ग क्लबच्या सदस्यत्वाचा. वार्षिक सदस्यत्व घेतल्यावर तिकिटांच्या सोडतीत नाव नोंदवता येते. येथे नवखे लोक हमखास फसतात, कारण सदस्यत्वाचे शुल्क म्हणजे तिकिटाचे पैसे असा त्यांचा समज होतो. सदस्यत्वामुळे केवळ सोडतीत भाग घेण्याचा हक्क मिळतो, तिकिटाची हमी मिळत नाही. नोंदणीची मुदत थोडे दिवस असते आणि ती सामन्याच्या कित्येक आठवडे आधी संपते, त्यामुळे क्लबकडून येणाऱ्या ईमेलवर नजर ठेवा. सोडतीत नाव आले नाही तरी आशा सोडू नका. हंगामी तिकीटधारक एखाद्या सामन्याला येऊ शकत नसतील, तर ते आपली जागा क्लबच्याच यंत्रणेतून परत विक्रीला देतात. सामन्याच्या आदल्या आठवड्यात तेथे चिकाटीने पाहत राहिल्यास एकेकटी जागा हाती लागू शकते. दोघांना शेजारी शेजारी बसायचे असेल, तर मात्र हा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही.

दुसरा मार्ग जेवण-पाहुणचारासह मिळणाऱ्या महागड्या तिकिटांचा. त्यासाठी शेकडो पौंड मोजावे लागतात, पण जागा नक्की होते. कुटुंबासह जाणाऱ्या आणि तारीख बदलू न शकणाऱ्या माणसाला मी हाच मार्ग सुचवीन. ही विक्री करणाऱ्या संस्थेचे नाव क्लबच्या संकेतस्थळावरील अधिकृत यादीत आहे, एवढे मात्र तपासून घ्या.

याखेरीज कोणीही, कितीही विश्वासाने तिकीट देऊ केले तरी घेऊ नका. इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्याच्या तिकिटाची अनधिकृत विक्री हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. समाजमाध्यमांवर किंवा मैदानाबाहेर घेतलेले तिकीट खोटे निघू शकते, आणि खरे असले तरी ते रद्द होऊन तुम्हाला फाटकावरून परत पाठवले जाऊ शकते.

एवढे करूनही तिकीट मिळाले नाही, तर याच परिसरात आणखी पर्याय आहेत. एव्हर्टन हा शहरातला दुसरा मोठा संघ २०२५ पासून ब्रॅम्ली-मूर गोदीत बांधलेल्या, सुमारे ५३ हजार क्षमतेच्या नव्या मैदानावर खेळतो. मर्सी नदीपलीकडे बर्कनहेडमध्ये ट्रॅनमिअर रोव्हर्सचे प्रेंटन पार्क आहे. हा संघ खालच्या श्रेणीत खेळतो, त्याची तिकिटे सहज मिळतात आणि खेळाडूंच्या हाका ऐकू येतील इतक्या जवळ बसता येते. इंग्लिश फुटबॉल गावागावांत कसे रुजले आहे हे समजून घ्यायचे असेल, तर हा सामना मी कमी दर्जाचा पर्याय मानणार नाही.

३. व्हिसा आणि जवळ ठेवायची कागदपत्रे

भारतीय पासपोर्टधारकांना ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो. युरोपातील शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारणपणे तीन आठवडे लागतात. सामन्याचे तिकीट ही व्हिसासाठीची अट नाही, त्यामुळे सोडतीच्या निकालासाठी अर्ज रोखून धरू नका. हा व्हिसा सहसा सहा महिन्यांचा असल्याने सामना दोन दिवस इकडेतिकडे झाला तरी अडचण येत नाही.

अर्ज करताना आणि प्रवासात पुढील गोष्टी लागतील:

- पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती, तसेच दोन्हींची एक छायाप्रत वेगळी ठेवलेली
- बँकेचे मागील काही महिन्यांचे विवरण, नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा
- प्रवासाचा आराखडा आणि राहण्याच्या जागेची नोंद
- क्लबचे सदस्यत्व असल्यास त्याचा क्रमांक आणि खात्याचा पासवर्ड
- मोबाइलमधील सामन्याचे तिकीट आणि छायाचित्र असलेले एखादे ओळखपत्र
- परदेशात चालणारे, स्पर्शाने पैसे भरता येणारे कार्ड
- पावसाळी जाकीट, कारण मर्सीवरून येणारा वारा आणि पाऊस कोणत्याही महिन्यात गाठू शकतो

४. तिकीट मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या

अ‍ॅनफिल्डचे तिकीट कागदाचे नसते. ते मोबाइलच्या वॉलेटमध्ये उतरवावे लागते आणि फाटकावरच्या यंत्राला मोबाइल टेकवल्यावर फाटक उघडते. मोबाइलमध्ये एनएफसी, म्हणजे असे टेकवून चालणारी, सुविधा आहे की नाही, हे घरून निघण्याआधी पाहा. तिकीट हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या. मैदानाबाहेर हजारो माणसे एकाच वेळी इंटरनेट वापरत असल्यामुळे तेथे साधे पानसुद्धा उघडत नाही. पडद्याचे छायाचित्र काढून ठेवलेले तिकीट यंत्र स्वीकारत नाही. दिवसभर छायाचित्रे काढून संध्याकाळी मोबाइल बंद पडला, तर तिकीट असूनही बाहेर उभे राहावे लागेल, म्हणून दुपारनंतर बॅटरी जपून वापरा.

५. दिवसाचे गणित किक-ऑफपासून (सामना सुरू होण्याच्या क्षणापासून) मागे मोजा

सकाळपासून पुढे आखणी करत गेले की सामन्याआधीचा तास हमखास अपुरा पडतो. म्हणून उलटे मोजा. सामना साडेपाचला असेल, तर पाचला आपल्या जागेवर, पावणेचारला मैदानाच्या परिसरात आणि सव्वातीनला शहरातल्या बसथांब्यावर असायला हवे. म्हणजे शहर पाहायला सकाळी नऊपासून सहा तास मिळतात आणि खालील मार्गाला ते पुरतात.

सामना साडेबाराचा असेल, तर सकाळी काहीही पाहण्याच्या भरीस पडू नका. सामना आधी, शहर नंतर. डिसेंबरमध्ये येथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे त्या दिवशी नदीकाठ उजेडात पाहण्यासाठी दुसरा दिवस राखून ठेवावा. युरोपीय स्पर्धेचे सामने बहुधा रात्री आठला सुरू होतात आणि पूर्ण दिवस हाती राहतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला तो दिवस सर्वांत सोयीचा, फक्त मुक्काम लिव्हरपूलमध्येच हवा.

लंडनच्या यूस्टन स्थानकातून लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकापर्यंत साधारण सव्वादोन तास लागतात. मोठी बॅग हॉटेलवर ठेवा. मैदानात ती नेऊ देत नाहीत आणि पाठीवर घेऊन चढ-उतार करणेही सोपे नाही.

६. सकाळची पायपीट: स्थानकापासून नदीपर्यंत

लाइम स्ट्रीट स्थानकातून बाहेर पडताच समोर सेंट जॉर्जेस हॉल दिसतो. १८५४ साली खुली झालेली ही प्रचंड स्तंभांची इमारत बाहेरून पाहून पुढे निघा, कारण नंतर मैदानाकडे जाणारी बस हिच्या शेजारूनच सुटते.

तेथून माउंट प्लेझंटचा चढ चढून गेल्यावर कॅथलिक पंथाचे मेट्रोपॉलिटन कॅथेड्रल लागते. १९६७ मध्ये ते पूर्ण झाले. गोलाकार रचना आणि वर काचेचा मुकुट असे त्याचे रूप आहे. भारतीय प्रवाशाने येथे तळघर चुकवू नये. या जागेवर मुळात एडविन लट्येन्स या वास्तुविशारदाने आखलेले महाकाय कॅथेड्रल उभे राहायचे होते. नवी दिल्लीची आखणी करणारे ते हेच. दुसरे महायुद्ध आणि अफाट खर्च यांमुळे त्यांच्या आराखड्यातील फक्त तळघर प्रत्यक्षात आले. त्या विटांच्या कमानींखाली उभे राहिले की वर न उभारलेल्या इमारतीचा आकार डोळ्यांपुढे येतो.

मेट्रोपॉलिटन कॅथेड्रलपासून निघणारा होप स्ट्रीट हा रस्ता दुसऱ्या टोकाला थेट अँग्लिकन पंथाच्या लिव्हरपूल कॅथेड्रलपाशी पोहोचतो. हे ब्रिटनमधील सर्वांत मोठे कॅथेड्रल. त्याचे काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९७८ मध्ये संपले. स्पर्धेतून निवड झाली तेव्हा त्याचे रचनाकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट अवघे २२ वर्षांचे होते, आणि ते स्वतः कॅथलिक होते. पुढे ब्रिटनचा लाल टेलिफोन बूथही त्यांनीच घडवला. हवा स्वच्छ असेल तर मनोऱ्यावर जावे. नदी, गोद्या आणि दूरवरची मैदाने एका दृष्टिक्षेपात आल्याने उरलेल्या दिवसाचा नकाशा मनात पक्का होतो. दोन्ही कॅथेड्रलना मिळून दोन तास द्या. शहरात वेळ खर्चण्याजोगे ठिकाण निवडायचे झाले, तर मी हेच निवडीन.

येथून पुढचा रस्ता उताराचा आहे. चिनी वस्तीच्या कमानीवरून खाली उतरत रॉयल अल्बर्ट डॉकपर्यंत या. १८४६ मध्ये उघडलेल्या या गोदीच्या वखारी ओतीव लोखंड, वीट आणि दगड यांच्या आहेत. आगीच्या भीतीमुळे सांगाड्यात लाकूड वापरलेले नाही. लिव्हरपूलची समृद्धी कापूस, साखर, तंबाखू आणि त्याआधी गुलामांच्या व्यापारावर उभी राहिली, हे येथे फिरताना विसरू नये. गुलामगिरीच्या इतिहासाला वाहिलेले येथील संग्रहालय नूतनीकरणासाठी २०२५ च्या आरंभी बंद झाले आणि टेट लिव्हरपूल हे कलादालन २०२३ मध्ये. त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांवर विसंबून येथे तास राखून ठेवू नका. उघडल्याची खात्री करूनच जा. जवळचे लिव्हरपूलचे संग्रहालय विनामूल्य आहे आणि पाऊस आल्यास उत्तम आसरा आहे.

गोदीपासून काठाने उत्तरेकडे चालल्यास पियर हेड येते. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या तीन भव्य इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्यांतील १९११ च्या रॉयल लिव्हर बिल्डिंगवर दोन तांब्याचे पक्षी बसलेले दिसतील. एकाचे तोंड नदीकडे आणि दुसऱ्याचे शहराकडे आहे. लिव्हरपूल क्लबच्या बोधचिन्हावरचा पक्षी तो हाच. इमारतीच्या नावाचा उच्चार तेथील लोक ‘लायव्हर’ असा करतात, रस्ता विचारताना हे उपयोगी पडते. हा नदीकाठ २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला होता. नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये तो यादीतून वगळण्यात आला आणि त्या बांधकामांमध्ये एव्हर्टनच्या नव्या मैदानाचाही समावेश होता. वेळ असेल तर पियर हेडवरून निघणारी सुमारे ५० मिनिटांची नदीफेरी घ्या. दोन वाजून गेले असतील, तर तिचा मोह टाळा.

७. मैदानाकडे

अ‍ॅनफिल्डला जवळचे रेल्वे स्थानक नाही, हे नकाशा नीट न पाहणाऱ्यांच्या उशिरा लक्षात येते. सामन्याच्या दिवशी सेंट जॉर्जेस हॉलजवळच्या सेंट जॉन्स लेनवरून ९१७ क्रमांकाची जलद बस सुटते. दुसरा पर्याय म्हणजे मर्सीरेल या स्थानिक रेल्वेने सँडहिल्स स्थानकापर्यंत जाऊन तेथून सॉकरबस ही सामन्यासाठीची बस पकडणे. लाइम स्ट्रीटपासून पायी साधारण पाऊण तास लागतो. टॅक्सी सामन्याआधी दोन तासांपर्यंत ठीक. त्यानंतर रस्ते बंद होतात आणि ती कोंडीत अडकते.

लवकर पोहोचण्याचे कारण केवळ रांग नाही. मैदानाला एक पूर्ण फेरी मारावी. मेन स्टँडच्या बाजूला हिल्सबरो दुर्घटनेचे स्मारक आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीमुळे लिव्हरपूलचे ९७ समर्थक मरण पावले. त्यांचा दोष नव्हता, हे अधिकृतपणे प्रस्थापित व्हायला कुटुंबांना २०१६ पर्यंत लढावे लागले. स्मारकापाशी लोक शांतपणे उभे राहतात, फुले आणि स्कार्फ ठेवतात. तेथे हसत स्वतःची छायाचित्रे काढू नका.

पलीकडे कॉप हा स्टँड आणि त्याच्यासमोर संघाचे व्यवस्थापक बिल शँक्ली यांचा पुतळा आहे. १९५९ ते १९७४ या काळात त्यांनी दुसऱ्या श्रेणीतल्या या संघाला उभे केले. ‘कॉप’ हे नाव दक्षिण आफ्रिकेतील स्पिऑन कॉप या टेकडीवरून पडले. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तेथे झालेल्या लढाईत या भागातील अनेक सैनिक पडले आणि १९०६ मध्ये उभारलेल्या प्रेक्षकांच्या उंच चढाला त्यांच्या स्मरणार्थ हे नाव मिळाले. त्याच टेकडीवरून जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय रुग्णसेवा पथकात मोहनदास गांधी होते. हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या स्टँडकडे पाहताना मैदान परके वाटत नाही.

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या आतील नेहमीची मार्गदर्शित फेरी मिळेल असे गृहीत धरू नका. ती दुसऱ्या दिवशी ठेवा.

८. फाटकापासून जागेपर्यंत

तिकिटावर स्टँड, फाटक, विभाग, रांग आणि आसन अशी माहिती असते. चुकीच्या फाटकावर यंत्र तिकीट नाकारते, घाबरू नका. बाजूच्या कर्मचाऱ्याला दाखवा. तपासणीत वेळ जातो, म्हणून बॅग लहानात लहान असावी. आत रोख पैसे चालत नाहीत. मद्य स्टँडखालच्या मार्गिकेतच प्यावे लागते; मैदान दिसेल अशा जागी ते नेणे कायद्याने मना आहे. धूम्रपान संपूर्ण आवारात बंद आहे.

कपड्यांबाबत एक सावधगिरी. तुमचे मन पाहुण्या संघाकडे असले तरी घरच्या समर्थकांत बसून त्याचा शर्ट घालू नका आणि त्याच्या गोलवर उठून ओरडू नका, बाहेर काढले जाल. लाल नसेल तर साध्या रंगाचे कपडे घाला. दोन्ही संघांची नावे असलेले अर्धे-अर्धे स्कार्फ बाहेर विकले जातात. ते नियमबाह्य नाहीत, पण येथील जुन्या समर्थकांना ते आवडत नाहीत. प्रतिस्पर्ध्यांच्या दुर्घटनांवरून चिडवणाऱ्या घोषणा कोणी देत असेल, तर अर्थ न समजता त्यात सूर मिसळू नका. तो गुन्हा ठरू शकतो.

किक-ऑफच्या काही मिनिटे आधी सगळे मैदान स्कार्फ उंचावून क्लबचे गीत गाते. मोबाइलवर चित्रण करायचे असेल तर पहिले कडवे करा आणि मग तो खिशात ठेवा. कॉपमध्ये जागा असेल, तर बराच वेळ उभे राहण्याची तयारी हवी. लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील, तर तिकीट घेतानाच दुसरा स्टँड निवडा.

९. परतीचा प्रवास

पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव, पंधरा मिनिटांचे मध्यंतर आणि वाढीव वेळ मिळून सुमारे दोन तास होतात. साडेपाचचा सामना साडेसातच्या आसपास संपतो, पण शहरात परतेपर्यंत साडेआठ धरा. शेवटच्या शिट्टीनंतर लगेच निघाल्यास बसची रांग सर्वांत लांब असते. अर्धा तास परिसरात थांबा, अथवा गर्दीसोबत चालत निघा. वाट उताराची आहे आणि हजारो माणसे त्याच दिशेने जात असतात. त्याच रात्री लंडनला परतायचे असेल, तर शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा, कारण रात्री आठच्या सामन्यानंतर ती मिळत नाही. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या वळवल्या जातात, ही शक्यताही तपासा. लिव्हरपूलहून मॅन्चेस्टर तासाभराच्या आत येते, त्यामुळे येथे हॉटेल महाग असेल तर मुक्काम तिकडे ठेवता येतो. फक्त परत जाताना लिव्हरपूलचा लाल स्कार्फ बॅगेत ठेवलेला बरा, कारण तेथील संघ लिव्हरपूलचे कट्टर प्रतिस्पर्धी आहेत.